पाण्याच्या वाटेवरची खूण

"इंदूबाई, बोट घाला आत. अजून आत. हां, तिथं फिरवा."

बेहेरेसाहेबांच्या टेबलावर पंपाची बॉडी मधोमध कापून ठेवली होती, कलिंगड कापावं तशी. मी पदराला हात पुसला आणि बोट आत घातलं. बीड गार होतं, गुळगुळीत होतं. एका कोपऱ्यात मात्र बोटाला काहीतरी लागलं. खसखशीएवढे उंचवटे. चार कोपऱ्यांत चार आणि एक मधे.

"काय लागतंय?"

"पाच दाणे आहेत, साहेब."

"मोजून पाच. मी नलवड्यांना म्हटलं, वाळू चिकटली असेल."

तपासणीचे नलवडे खिडकीशी उभे होते. ते म्हणाले, "वाळू अशी रांगोळी काढत नाही, साहेब. दर आठवड्याला जाडी बघायला आम्ही एखादी चांगली बॉडी कापतो. गेल्या आठवड्यातल्या बॉडीतही हेच होतं."

साहेबांनी चष्मा काढला. "कोअरवर कुणीतरी मुद्दाम टोचतंय. म्हणजे तुमच्याच खात्यातलं. इंदूबाई, तुम्हाला परिस्थिती माहीत आहे. शंभरातल्या अठरा बॉड्या बाद निघताहेत. पुढच्या शंभरात पाचाच्या वर गेल्या, तर मालक कोअरखातं बंद करणार. सांगलीहून तयार कोअर येतील. बारा बायका घरी जातील, तेरावी तुम्ही. मी मालकांशी भांडतोय तुमच्यासाठी, आणि इकडं हा चावटपणा! उद्या दुपारपर्यंत मला नाव पाहिजे. जी कोण असेल तिला त्याच पावली घरी पाठवायचं."

"चौकशी करते," मी म्हणाले.

गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडात खोटं. चौकशी कसली करायची होती? ते पाच ठिपके मी अकरा वर्षं रोज बघत होते. सगुणाच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, हिरव्या गोंदणात. चार कोपऱ्यांत चार आणि एक मधे.

*

आमचा कारखाना कोल्हापूरच्या बाहेर, हमरस्त्याच्या कडेला. शेतीच्या पंपांचं ओतकाम तिथं व्हायचं. लोखंडाचा रस साच्यात ओतला की पंपाचा बाहेरचा आकार येतो. पण पंप आतून पोकळ पाहिजे, नाहीतर पाणी जाणार कुठून? त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गोळा आधी साच्यात बसवून ठेवावा लागतो. तोच कोअर. त्याला टोचलं तर त्या भोकात रस शिरतो आणि पंपाच्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, दाणा उठतो. वाळूत तेल कालवायचं, पेटीत ठासायचं, अलगद काढायचं, भट्टीत दीड तास भाजायचं, वरून काळा लेप द्यायचा. हे सगळं काम बायकांचं. ठासताना जोर लागतो आणि काढताना माया लागते, म्हणून बायका, असं आमचे जुने मिस्त्री म्हणायचे.

पण त्याचं पुढं काय होतं? रस ओतला, गार झाला, की हातोडीनं ठोकून कोअर फोडून टाकतात. वाळू होऊन तो जमिनीवर पडतो. बाहेरचा साचा करणाऱ्या मोल्डरचं काम पंपाच्या अंगावर दिसतं, रंगवाल्याचं दिसतं, नाव कोरणाऱ्याचं दिसतं. आमचं काम म्हणजे जिथं काहीच नाही ती जागा. अकरा वर्षांत आमच्यातल्या एकीनंही चालता पंप बघितला नव्हता. कुणी दाखवला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी मागितला नाही.

बेहेरेसाहेब माणूस चांगला. पुण्याला तीन दिवसांचं शिबिर करून आले होते, कामगारांचा उत्साह कसा वाढवावा याचं. आल्या आल्या त्यांनी खात्यात फळा लावला. 'या महिन्याचा उत्तम कामगार'. जी सगळ्यात जास्त कोअर करील तिचा फोटो फळ्यावर आणि स्टीलचा चार पुडांचा डबा बक्षीस. पहिले तिन्ही महिने हौसाबाईनं डबा मारला. हात विजेसारखा, तोंड त्याहून.

"तीन डबं झालं," ती म्हणायची. "आता आत घालाय भाजी बी द्या म्हणावं सायबास्नी."

फळा लागल्यापासून खात्यात कुणी कुणाशी बोलेनासं झालं. पूर्वी एकीचा कोअर पेटीत अडकला तर दुसरी उठून पेटीला बाहेरून टकटक करून तो सोडवून द्यायची. आता कोण उठणार? दीड तास भाजायचा कोअर सव्वा तासात बाहेर येऊ लागला. चीर पडली तर वरून लेप थापला की झाकली. माझं लक्ष होतं, मी ओरडायचे, पण पाठ फिरली की पुन्हा तेच. कच्च्या कोअरमधली ओल रसाला भिडली की वाफ होते, आणि बिडात भोकं पडतात, जाळीदार घावनासारखी. माल वाढला होता, आणि बादही तितकाच वाढला होता.

*

जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर चिंचेखाली बसल्या. सगुणा मात्र भट्टीशी होती. ती कायम तिथंच जेवायची, भट्टीवर भाकरी गरम करून. नवरा नाही, दोन मुली शिकत होत्या. कमी बोलायची.

"सगुणा, हात दाखव."

तिनं डावा हात पदराखाली घेतला. मग भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि म्हणाली, "घावलं व्हय?"

"घावलं. साहेबांच्या टेबलावर आहे. कशानं टोचलंस?"

तिनं अंबाड्यातला आकडा काढून दाखवला. केसाचा साधा काळा आकडा.

"अगं पण कशाला? उद्या दुपारपर्यंत नाव मागितलंय त्यांनी. पोरींचं काय करशील?"

तिनं आकडा पुन्हा अंबाड्यात खोचला. मग म्हणाली, "आक्का, कीर्तनाला तुमीच न्हाई का नेलंसा?"

मला आधी काही समजलंच नाही. महिन्यापूर्वी आमच्या गल्लीत मारुतीच्या देवळात सात दिवस कीर्तनं होती, कामावरून सुटल्यावर पाच ते सात. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. टाळ वाजला की माझे पाय आपोआप वळतात. त्या वर्षी खात्यातल्या चौघींना मी ओढून नेलं होतं. तिसऱ्या दिवशी आवळीकरबुवा फार सुंदर बोलले होते. ते म्हणाले होते, "अभंगाच्या शेवटच्या चरणात संत स्वतःचं नाव घालतात. कशाला हो? मिरवायला? ज्यांनी घरदार देवाला दिलं त्यांना नावाचा कसला सोस! ते नाव म्हणजे जबाब आहे, माउली. हे मी बोललो, खोटं निघालं तर माझा कान धरा. खाली नाव घालायचं ठरवलं ना, की वरचे सगळे चरण आपोआप खरे होतात."

मी पुढच्या रांगेत होते. मी 'वा!' म्हटलं, डोळे पुसले, बुक्का लावून घेतला आणि घरी जाऊन आमटी फोडणीला टाकली. माझं कीर्तन तिथंच संपलं होतं.

सगुणा पार मागं, खांबाशी बसली होती.

"मला लिवाय येत न्हाई," ती म्हणाली. "म्हनून गोंदनातलं घातलं. आयनं काढून घेतल्यालं हाय ते, मी सात वर्सांची आसताना. पन आक्का, सगळ्यांवर न्हाई घालत मी."

"म्हणजे?"

तेवढ्यात भोंगा झाला, आणि हौसाबाई दारातून ओरडली, "काय गं, आक्कांच्या कानात काय मंत्र देतीस? डबा पाहिजे आसंल तर हात चालीव!"

*

सगळ्यांवर नाही. हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. संध्याकाळी चारला मी बाबालाल मिस्त्रींना गाठलं. पेट्यांचे लाकडी नमुने बनवणारा म्हातारा माणूस, कारखान्याच्या पायाभरणीपासूनचा.

"चाचा, बाद मालाच्या ढिगावर येता का? बॅटरी घेऊन."

"काय हरवलं?"

"चला तर."

आदल्या दिवशी बाद झालेल्या एकोणचाळीस बॉड्या मागच्या पत्र्याखाली पडल्या होत्या. मी एकेकीच्या तोंडात हात घालत गेले. तोच कोपरा. भोकं लागत होती, खरबरीत लागत होतं, दाणे लागत नव्हते. दहा झाल्या, वीस झाल्या. चाचा बॅटरी धरून मागं मागं येत होते. एकोणचाळिसावी संपली तेव्हा माझं मनगट सोलून निघालं होतं.

एकीतही पाच दाणे नव्हते.

"आता चांगल्या मालाकडं," मी म्हणाले.

रंगासाठी थांबलेल्या साठ बॉड्या होत्या. तिथं पहिल्या हातालाच लागले. पुन्हा सहाव्या बॉडीत. पुन्हा नवव्या. साठांत चार.

चाचांनी बॅटरी विझवली. "जागा मीच दावली तिला," ते हळूच म्हणाले. "मला येऊन इचारलं तिनं, चाचा, आत कुठं टोचलं तर पाण्याला इजा हुणार न्हाई? म्या म्हटलं, ह्या कोपऱ्यात पाणी जरा दमानं जातंय, हितं टोच. खसखशीएवढं तर हाय. माजी नोकरी संपत आली, इंदूबाई. चाळीस वर्सांत कुणी मला पाण्याला इजा हुईल का म्हणून इचारलं नव्हतं."

*

दुसऱ्या दिवशी अकरालाच मी साहेबांच्या खोलीत गेले.

"नाव?"

"सांगते. पण आधी माझ्याबरोबर चला. आणि बाह्या वर करा."

ते चिडले, पण आले. पत्र्याखाली आल्यावर मी म्हणाले, "घाला हात." साहेबांनी रुमाल अंथरला, गुडघे टेकले आणि बाद बॉड्यांत हात घालत सुटले. पंधराव्या बॉडीला ते थांबले. "दाणे कुठायत?"

"नाहीत. एकोणचाळिसातल्या एकीतही नाहीत. आता चांगल्यांत बघा."

बघून झाल्यावर ते उठले. विजारीच्या गुडघ्यांवर काळे गोल पडले होते. "बोलवा तिला," ते म्हणाले. आवाज जरा बदलला होता.

सगुणा आली, हात पदराला पुसत. तिच्या मागून सगळंच खातं आलं. कुणी बोलावलं नव्हतं, पण बायका आल्या आणि अर्धगोल करून उभ्या राहिल्या. हौसाबाई सगळ्यांत पुढं.

"तुम्ही टोचलंत?"

"व्हय."

"सगळ्या कोअरवर का नाही?"

सगुणा खाली बघत होती. मला वाटलं, आता रडणार. ती रडली नाही.

"सायेब, दिसाला पंचवीस कोअर निगतात माझ्या हातनं. त्यातलं सात-आठ मी मनापासनं करते. पुरतं भाजते, फिरवून फिरवून बगते. त्यांचा मला भरवसा हाय. कुणी इचारलं तर सांगीन, माझं हाईत म्हनून. बाकीचं…" ती थांबली. "बाकीचं मी बी घाईनंच काढते. खोटं कशाला बोलू? समद्यांचं चाललंय तसं माझं. त्यांच्यावर टोचाय हात उठत न्हाई."

मागं कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या. अठरा बाद का निघतात याचं उत्तर महिनाभर कागदावर शोधत होते साहेब. ते त्यांच्यापुढं लुगड्याचा काष्टा घालून उभं होतं.

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे हा उपायच सापडला की! उद्यापासून प्रत्येक कोअरवर प्रत्येकीची खूण. मी नोटीस लावतो."

"नगासा लावू," सगुणा म्हणाली.

"का?"

"तुमी सांगितलं की टोचनं आलं. मग कच्च्यावर बी टोचतील. मी बी टोचीन."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. एवढं शिकलेला माणूस, पण त्या क्षणी परीक्षेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखा दिसत होता. "मग मी काय करायचं, इंदूबाई?"

माझ्या अंगात कुठून बळ आलं, पांडुरंगाला ठाऊक. मी म्हणाले, "काही करू नका, साहेब. फळा काढा. आणि भट्टीला तिचा दीड तास द्या. जिला वाटेल ती घालील खूण. न घालणारीला कुणी विचारायचं नाही. तुम्हीही नाही, मीही नाही."

"आणि शंभरात पाचाच्या वर गेल्या तर?"

"तर तेरा जणी घरी जाऊ. पण ही जाणार असेल, तर मला आजच जाऊ दे. तिला कीर्तनाला मी नेलं होतं."

साहेब वळले. खात्यात गेले आणि स्वतःच्या हातानं फळा खुंटीवरून उतरवला.

"आन् माजं डबं?" हौसाबाईनं विचारलं.

"डबे तुमचेच," साहेब म्हणाले, आणि इतक्या महिन्यांनी खात्यात सगळ्या एकदम हसल्या.

*

पहिले दोन दिवस फक्त सगुणाच टोचत होती. हौसाबाई म्हणाली, "मला न्हाई जमायचं आसलं सोंग." तिसऱ्या दिवशी धाकट्या पारूनं गुपचूप चांदणी काढली. मग कुणी बेलाचं पान, कुणी चुलीचे तीन दगड. मी बघून न बघितल्यासारखं करत होते. तसा शब्दच दिला होता.

पाचव्या दिवशी हौसाबाईच्या पाटाशी खळ्ळकन आवाज झाला. धावत गेले तर एक भाजलेला कोअर तिच्या पायाशी चुरा होऊन पडलेला.

"हातातनं सुटला का?"

"सुटतोय कशाला? आपटला मी." ती लाल झाली होती. "फणी काढली मी त्येच्यावर. आन् मग चीर दिसली. लई बारीक. लेप दिला आसता तर तुमच्या बापाला दिसली नसती." तिनं पायानं चुरा बाजूला सारला. "आता फणी काढल्यावर काय करू? पुसू व्हय?"

तीन महिने जिनं चिरा लेपून तीन डबे नेले, तिनं एका फणीपायी स्वतःचा कोअर फोडला होता. मी खाली बसून वाळू भरायला लागले. तिनं माझ्या हातातला खराटा ओढून घेतला. "तुमी उठा. माझी घाण मी काढते."

त्या दिवसापासून अडकलेली पेटी टकटक करायला बायका पुन्हा एकमेकींच्या पाटाशी जायला लागल्या. कोण आधी उठलं, ते मला सांगता येणार नाही.

शंभर बॉड्यांचा लॉट शनिवारी तपासायला गेला. मालक आले होते. नलवडे एकेक बॉडी घेत, पाण्याच्या दाबावर लावत, खडूनं बरोबरची किंवा फुलीची खूण करत. आम्ही तेराजणी दाराबाहेर. मी मनात नामस्मरण करत होते आणि मोजतही होते, देव क्षमा करो. पन्नास झाल्या, फुली एक. ऐंशी झाल्या, फुल्या दोन. शेवटी नलवडे खडू खिशात टाकून बाहेर आले.

"तीन," ते म्हणाले. "शंभरात तीन. दोन बिनखुणेच्या. एकीत फणी आहे."

सगळ्या एकमेकींना मिठ्या मारत होत्या, आणि हौसाबाई आत जाऊन त्या बॉडीशी बसली. बोट घालून, वास घेऊन, उजेडात धरून बघत राहिली. अर्ध्या तासानं बाबालालचाचांना ओढत आणलं. चाचांनी बघितलं आणि म्हणाले, "कोअर सोन्यासारखा हाय. रस गार ओतलाय."

झालं. हौसाबाई पदर खोचून ओतकामाच्या खात्यात गेली. तिथं ती काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. पण दुसऱ्या आठवड्यापासून रसाचा ताव बघायला तिथं दोन माणसं उभी राहायला लागली.

मालक साहेबांना म्हणाले, "राहू दे कोअरखातं." मग जाता जाता वळून विचारलं, "बेहेरे, काय बक्षीस दिलंत यांना?"

साहेब म्हणाले, "अजून दिलं नाही. आत्ता देतो."

त्यांनी आम्हाला मागच्या हौदाशी नेलं. तिथं एक जुळवून तयार झालेला पंप बसवला होता. चाचांनी बॉडी निवडून ठेवली होती.

"कुनाची खूण हाय ह्यात?" सगुणानं विचारलं.

चाचांनी नुसता हाताचा पंजा दाखवला. पाच बोटं.

साहेबांनी बटण दाबलं. पंप घुमला, खाकरला, आणि मनगटाएवढी पाण्याची धार हौदात कोसळली. तेराजणी आम्ही, अकरा वर्षं पोकळी करणाऱ्या, ती पोकळी भरून वाहताना पहिल्यांदा बघत होतो. पारू टाळ्या वाजवायला लागली. मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

सगुणानं चपला काढल्या. पुढं गेली. थरथरणाऱ्या पंपावर तिनं डावा तळवा टेकवला आणि आत काहीतरी ऐकू येतंय अशी मान कलती करून उभी राहिली. मग धारेखाली ओंजळ धरली, डोळ्यांना लावली आणि प्यायली.

"अगं, तेल आसतंय त्यात!" हौसाबाई ओरडली.

"आसू दे," सगुणा म्हणाली.

मग हौसाबाईनंही चपला काढल्या.

याला आता एकतीस वर्षं झाली. मी अजून कीर्तनाला जाते. आता खुर्चीवर बसते, आणि मुद्दाम मागं, खांबाशी. बुवा शेवटच्या चरणाशी येतात, सगळी मंडळी संताचं नाव मोठ्यानं घेते, आणि माझं बोट आपोआप डाव्या हातावर फिरायला लागतं. चार कोपऱ्यांत चार, आणि एक मधे.